आक्का आली की जागल्या झोपतो

संजीवनी मगदूमला भट्टीची भीती वाटते, हे साऱ्या फाउंड्रीत फक्त संजीवनी मगदूमलाच ठाऊक होतं.

बाकीच्यांचा समज नेमका उलटा. कोल्हापूरच्या पुढं महामार्गाला लागून जी औद्योगिक वसाहत आहे ना, तिथं पंपांच्या बॉड्या ओतणाऱ्या एका मध्यम फाउंड्रीत ती भट्टी विभागाची प्रमुख होती. शेजारपाजारच्या कारखान्यांतही तिचं नाव निघायचं ते एकाच गोष्टीसाठी. ही बाई केबिनमध्ये बसत नाही. भट्टीला आतून नवं अस्तर ठोकायचं असेल तर ही स्वतः आत उतरणार. भंगार निवडायला बायका बसल्या असतील तर ही त्यांच्यात फतकल मारून बसणार. कुठं काही अडलं की आधी हिचा हात पडणार, मग बाकीच्यांचे. सेहेचाळीस वर्षांची बाई, पण साठी ओलांडलेले भट्टीवाले बापू नेजदारसुद्धा तिला चारचौघांत आक्काच म्हणायचे.

आता ही भीती आली कुठून, तेही सांगतो. एकोणीस वर्षांपूर्वी ती दुसऱ्या एका ठिकाणी नोकरीला होती. तिथं ओल्या भंगाराचा एक गठ्ठा वितळलेल्या लोखंडात पडला, पाण्याची एका क्षणात वाफ झाली आणि भट्टीतला रस छतापर्यंत उडाला. त्या दिवशी तिनं जे पाहिलं ते नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिथले साहेब केबिनमधून फोनवर म्हणाले होते, चला, कामाला लागा. तेव्हा तिनं ठरवलं, आपल्या हाताखाली कधी माणसं आली तर आपण त्यांच्या पुढं उभं राहायचं. पोटात गोळा आला तरी. आणि गोळा रोज यायचा. प्लॅटफॉर्मच्या नऊ पायऱ्या चढताना ती दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरायची, कारण ते थरथरायचे. लोकांना वाटायचं, काय रुबाब आहे बाईचा.

फाउंड्रीत एक रिवाज होता, बापूंच्या गुरूपासून चालत आलेला. रस तयार झाला की लांब दांडीच्या टोकाला बसवलेली नळी त्यात बुडवून तापमान बघतात. त्याला पहिली डुबकी म्हणायचे, आणि तिचा मान प्रमुखाचा. बाकीच्या कारखान्यांतले प्रमुख तो मान आनंदानं दुसऱ्याला देऊन टाकत. दीड हजार अंशाच्या रसावर वाकायची हौस कुणाला असते? आक्का मात्र दररोज वाकायची, आकडा बघायची आणि मागं वळून म्हणायची, "मी हाय न्हवं." झालं. माणसं कामाला लागत.

मग जागल्या आला.

पूर्वी गावोगाव रात्रभर जागून राखण करणारा जागल्या असायचा. त्याचंच नाव पुण्याच्या एका नव्या कंपनीनं आपल्या यंत्राला दिलं होतं. तोवर मोठ्या फाउंड्र्यांत ओतकाम रोबो करू लागले होते, पण रोज वेगळ्या मापाचा माल काढणाऱ्या मध्यम कारखान्यांना ते परवडत नव्हतं. तिथं माणसंच लागायची, आणि माणसं मरू नयेत म्हणून सरकारनं जागल्या सक्तीचा केला होता. गंमत अशी, की हे यंत्र भट्टीकडं बघतच नाही. ते माणसांकडं बघतं.

त्यामागचं शास्त्र डोक्यावरून जाण्यासारखं नाही. तीस वर्षं भट्टीपुढं उभ्या राहिलेल्या माणसाला तिचा गुणगुणाट पाठ झालेला असतो. अस्तराला आत बारीक चीर गेली की तो आवाज किंचित बदलतो, पायाखालच्या पत्र्याची थरथर बदलते, कधी वास बदलतो. मनाला यातलं काही कळत नाही, पण अंगाला कळतं. तळहात ओलसर होतात, नाडी अडखळते, कातडीतून वीज वाहायचं प्रमाण बदलतं. माणूस नुसता म्हणतो, आज कसंसंच होतंय बघ, आणि कामाला लागतो. मनगटावरचा पट्टा हे सगळं टिपतो. आता एकट्याचं अंग काय, घरी भांडण झालं तरी बिथरतं. पण पाच वेगवेगळ्या घरांतली पाच माणसं, आणि पाचही अंगं दहा मिनिटांच्या आत एकदम बिथरली, तर कारण घरी नाही, समोर आहे. एवढंच गणित जागल्या करायचा. भीतीची बेरीज म्हणा.

भिंतीवरच्या पडद्यावर या बेरजेची रेघ चालू असायची. नेहमी हिरवी, चढली की पिवळी. लाल झाली की वीज बंद, भोंगा सुरू, सगळ्यांनी प्लॅटफॉर्म सोडून काँक्रीटच्या भिंतीमागं पळायचं. मग भट्टी आपोआप पुढं कलायची आणि सगळा रस समोरच्या कोरड्या खड्ड्यात ओतून टाकायची. माल जायचा, माणसं राहायची. अस्तराचं जुनं मीटर होतंच, पण ते ओरडायचं रस तांब्याच्या नळ्यांना टेकल्यावर. त्या नळ्यांतून थंड पाणी वाहतं. रस आणि पाणी भेटले की काय होतं, ते संजीवनीनं पाहिलेलं होतं.

या बेरजेत प्रमुखाचा पट्टा मात्र धरत नसत. कंपनीचं म्हणणं असं, की साहेब लोकांचं अंग दिवसभर फोनला, मालकाला आणि ऑर्डरच्या तारखेला भिऊन उड्या मारत असतं, त्यातून भट्टीचं काही कळत नाही. म्हणजे त्या प्लॅटफॉर्मवर जिला सगळ्यात जास्त भीती वाटायची, तिच्याच भीतीला हिशेबात जागा नव्हती.

पहिल्या वर्षात रेघ तीनदा लाल झाली, तिन्ही वेळा दुसऱ्या पाळीत, आणि तिन्ही वेळा खरोखरीचा दोष सापडला. लोकांचा जागल्यावर विश्वास बसला. पण पहिल्या पाळीचा, म्हणजे आक्काच्या पाळीचा, तोरा काही औरच. त्यांचा जागल्या कधी लाल झालाच नाही. रेघ पिवळी होऊन वर सरकायला लागली की कुणीतरी पायऱ्या उतरून पळायचं, "आक्काला बोलवा." आक्का हातातलं काम टाकून यायची, वर चढायची, भट्टीभोवती फिरायची, डुबकी द्यायची, मी हाय न्हवं म्हणायची, आणि रेघ हळूहळू हिरवी व्हायची. रस वाचला, दिवस वाचला. असं अकरा वेळा झालं. आक्का आली की जागल्या झोपतो, अशी म्हणच पडली होती. दुसऱ्या पाळीचे लोक हेव्यानं म्हणायचे, आमची बी बदली आक्काकडं करा.

अकरापैकी नवव्या वेळी तिला बोलवायला इर्शाद मुल्लाणी आला होता. रस ओतायच्या बादलीवरचा माणूस, वय पस्तीस, दोन मुलींचा बाप. त्याच्या मागोमाग ती वर गेली. त्या दिवशी पोटातला गोळा रोजच्यापेक्षा मोठा होता, पण सगळं तपासूनही काही सापडलं नाही. तिनं डुबकी दिली, नेहमीचं वाक्य म्हटलं, रेघ हिरवी झाली. सहा मिनिटांनी क्रेननं भंगाराची पुढची टोपली रिकामी केली. त्यात एक तोंड बंद असलेली नळी होती आणि नळीत पाणी होतं. भडका उडाला तसं आक्कानं इर्शादला कॉलरला धरून मागं खेचलं. तोंड वाचलं, डोळे वाचले. उजवा हात मनगटापासून भाजला आणि दोन बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. ईदला त्याच्या आईनं शीरखुर्म्याचा मोठा डबा पाठवला, माझ्या लेकराला ओढून काढलंस म्हणून. इर्शाद ज्याला त्याला सांगायचा, आक्का हुती म्हणून मी हाय.

दोन महिन्यांनी पुण्याहून निनाद दाबके आला. जागल्या बसवणारा इंजिनिअर हाच. शांत, नम्र मुलगा, पण त्या दिवशी त्यानं चहाला हातही लावला नाही. तिच्या टेबलावर त्यानं पडदा उघडला आणि अकरा दिवसांच्या अकरा रेघा एकावर एक ठेवून दाखवल्या. सगळ्या चढत होत्या, चढत होत्या, आणि एकाच ठिकाणी कोसळत होत्या.

"मला आधी यंत्राचा दोष वाटला," तो म्हणाला. "मग कॅमेऱ्याची वेळ जुळवून बघितली. रेघ पडते, त्या वेळी तुम्ही अजून काहीच केलेलं नसतं, मॅडम. तुम्ही फक्त पहिल्या पायरीवर असता."

तिला आधी समजलंच नाही. मग त्यानं समजावलं. अंधारात लहान मूल थरथरत असतं, आई येऊन हात धरते, मूल शांत होतं. अंगाची ही रीतच आहे. विश्वासाचं माणूस जवळ आलं की शरीरातले भीतीचे रस ओसरतात, नाडी ठिकाणावर येते. पण म्हणून अंधार कमी झालेला नसतो, आणि अंधारात काही असेल तर ते तिथंच असतं. जागल्याचे डोळे म्हणजे या पाच माणसांची भीती. तुम्ही पायरीवर पाय ठेवलात की तो आंधळा होतो.

"अकरापैकी खरे किती होते?" तिनं विचारलं.

ते आता कधीच कळणार नाही, असं तो म्हणाला. एकाचं माहीत आहे. आधीच्या टोपल्यांतलं भंगारही त्या दिवशी ओलसर होतं, रस बारीक फसफसत होता. सगळ्यांच्या अंगांना ते कळलं होतं. ती आणखी चार मिनिटं आली नसती, तर रेघ लाल झाली असती.

संजीवनी उठून मोरीवर गेली आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिली. इर्शादला तिनं वाचवलं नव्हतं. त्याचा हात तिनंच घालवला होता.  डोळ्यांपुढं तो शीरखुर्म्याचा डबा येत होता.

दाबकेचा सल्ला एकच होता, वर जाऊ नका. मालकांनी त्याला आणखी एक शेपूट जोडलं. पोरांना कारण सांगू नका, नाहीतर उठसूट घाबरायला लागतील आणि रोज भट्टी रिकामी करावी लागेल. तिनं मान डोलावली. मालकांचं पटलं म्हणून नव्हे हं. कारण सांगायचं तर इर्शादला सांगावं लागलं असतं, आणि ती हिंमत तिच्यात नव्हती. इतकी वर्षं रसावर वाकणारी बाई, पण इर्शादसमोर बसून चार वाक्यं बोलायची म्हटलं की तिच्या तोंडचं पाणी पळायचं.

म्हणून तिनं खोटं सांगितलं. रक्तदाब वाढलाय, डॉक्टरांनी उष्णतेपुढं जायचं नाही म्हटलंय. लोक हळहळले. बापूंनी पहिली डुबकी द्यायला सुरुवात केली. इर्शादची आई दर्ग्यावर तिच्या नावानं चादर चढवून आली. संजीवनी प्लॅटफॉर्मसमोरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून रेघ बघायची, आणि खुर्ची तिला खायला उठायची.

पंधराच दिवसांत पहिल्या पाळीची रेघ पहिल्यांदा लाल झाली. वर कुणाचं तिच्याकडं लक्ष नव्हतं, ती केबिनमध्ये बसून राहिली. लोक पळाले, भट्टी कलली, रस खड्ड्यात गेला. मागाहून पाण्याचा एक पाइप जोडापाशी चिरलेला सापडला. तिला हायसं वाटलं. आणि जरा लागलंही, खोटं कशाला बोला. तिच्याशिवाय त्यांना भीती वाटत होती आणि ती भीतीच त्यांना वाचवत होती. मग इतकी वर्षं आपण करत काय होतो, हा प्रश्न ती मनातून काढून टाकायची आणि तो परत यायचा.

मंगळवार होता. दुपारचा एक वाजून गेलेला. दोन नंबरच्या भट्टीचं अस्तर ऐंशी वेळा चालतं, त्यातली ती एकाहत्तरावी खेप होती, म्हणजे काळजीचं कारण नव्हतं. आत तीन टन रस. वर बापू, इर्शाद, क्रेनवर प्रणोती कांबळे आणि भंगार टाकणारे दोघं. रेघ पिवळी झाली.

संजीवनी ताठ बसली. रेघ चढत होती. बापूंनी मान तिरकी करून भट्टीकडं कान दिला, मग डोकं हलवलं. प्रणोतीनं क्रेनच्या खुर्चीत दोनदा तळहात पुसले. लालला बोटभर अंतर उरलं आणि तिथं रेघ अडली. पुढं जाईना, मागं येईना. संजीवनीला कळेना असं का. मग तिनं वर पाहिलं. पाचही जण वाकून काचेतून तिच्याकडं बघत होते.

ती दिसत होती, तेवढं पुरे होतं.

आपण इथून जावं, त्यांच्या नजरेआड व्हावं, म्हणून ती उठली. त्यांना वाटलं, आक्का येतेय. रेघ झपकन खाली आली. ती दाराशी पोचेपर्यंत हिरवी झाली होती.

 पडदा म्हणत होता, सगळं ठीक. पाचही जण कामाकडं वळले. आणि तिच्या पोटातला गोळा, ज्याला यंत्राच्या लेखी काही किंमत नव्हती, तो घशाशी आला होता.

तुम्ही म्हणाल, केबिनमध्ये लाल बटण असेल की. होतं ना. पण बटण दाबलं की नुसती वीज बंद होते. आणि वीज गेली की भट्टीवाला काय करतो? पळत नाही. रस गोठायच्या आत वाचवायला उलट भट्टीपाशी धावतो. बापूंनी आयुष्यभर तेच केलं होतं. माणसं वर असताना भट्टी कलवता येत नाही. म्हणजे आधी ती खाली यायला हवी होती, ताबडतोब, मागं वळून न बघता.

तिनं माइक ओढला आणि सांगितलं, सगळ्यांनी काम सोडून खाली या. आवाज शक्य तितका स्थिर ठेवला, आणि तिथंच चुकलं. आक्काचा आवाज आला, म्हणजे आक्का बघतेय. रेघ आणखी खाली गेली. बापूंनी हसून हात हलवला, दोन मिनिटं, डुबकी देतो नि येतो. इर्शादनं बादली जवळ ओढली.

मग तिला कळलं, की दुसरा उपाय नाही. आणि त्या उपायाची तिला भट्टीपेक्षा जास्त भीती वाटली. तिच्याकडं पुरावा काहीच नव्हता. मीटर गप्प, रेघ हिरवी, अस्तराची मुदत संपायला अजून नऊ खेपा. ती चुकली असेल तर इतक्या वर्षांची अब्रू गेली, घाबरट बाई म्हणून पोरं हसतील. बरोबर असेल तर मिनिटं किती उरली होती, देव जाणे.

ती धावत प्लॅटफॉर्मपाशी गेली. पहिल्या पायरीवर पाय ठेवताना सवयीनं हात पाठीमागं गेले. तिनं ते ओढून पुढं घेतले.

वर पोचली तेव्हा बापू रसावर वाकायच्या बेतात होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली, हात पुढं केले. हात असे हलत होते, की तिलाच ते आपले वाटेनात.

"बापू, मला भ्या वाटतंय."

बापूंना थट्टा वाटली. मग त्यांनी हातांकडं पाहिलं, तोंडाकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं.

"रोजच वाटतं. आज लई वाटतंय. काय झालंय ते मला ठावं न्हाई. मी हाय म्हणून काय बी टळणार न्हाई, बापू. पळा."

बापूंच्या हातून दांडी पडली. चाळीस वर्षं लोखंड ओतलेल्या त्या माणसाचा चेहरा पांढराफटक झाला. इर्शाद एक पाऊल मागं सरला. क्रेनवरून प्रणोती सरसर उतरू लागली. पिवळ्यावर न थांबता रेघ लाल झाली आणि भोंगा किंचाळला.

पळताना कुणी कुणाकडं पाहिलं नाही. भिंतीमागं सहाही जण एकमेकांना चिकटून बसले. भट्टी कुरकुरत कलली, खड्ड्यात रस पडल्याचा तो जड आवाज आला, उजेड छतावर नाचला. प्रणोती तोंडात ओढणी कोंबून रडत होती. कानांवर हात ठेवून सगळे वाट बघत राहिले. मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. स्फोट झाला नाही.

मालक आले, खड्ड्यातलं तीन टन लोखंड पाहिलं आणि गेले. भंगार टाकणाऱ्यांपैकी एकानं हळूच विचारलं, काय नव्हतंच का मग?  दोन दिवस भट्टी थंड होत होती आणि ते दोन दिवस तिनं कसे काढले, तिचं तिला माहीत. तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून अस्तर फोडलं. ती नेहमीप्रमाणे छिन्नी घेऊन आत उतरली होती, बापू शेजारी.

खालच्या बाजूला, जिथं नजर पोचत नाही तिथं, अस्तराचा एक पट्टा नीट ठोकलाच गेला नव्हता. त्यातून लोखंडाची एक जीभ बाहेर घुसून गोठली होती. बापूंनी ती पकडीनं उपटली. मागं केसाएवढ्या अंतरावर तांब्याची नळी होती, काळी पडलेली. बापूंनी तिच्यावर अंगठा टेकवला आणि तांबं आत दबलं, पापडासारखं. नळीत पाणी होतं.

 बापू भट्टीच्या तळाशी मांडी घालून बसले आणि बोटांवर मोजू लागले. एक, दोन, तीन. अकरापर्यंत मोजून ते थांबले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. आक्काला बोलवायला किती वेळा माणूस धाडला, तेवढंच ते आठवत होते.

दुपारी संजीवनी मागच्या शेडखाली बाकावर बसली होती. इर्शाद दोन चहा घेऊन आला, एक तिच्यापुढं ठेवला आणि शेजारी बसला. समोरच्या भंगाराच्या ढिगाकडं बघत त्यानं विचारलं.

"आक्का, माझ्या वक्ताला बी असंच हुतं का?"

खोटं बोलायला जागा होती. तो विश्वास ठेवायला तयार बसला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. दाबकेच्या रेघा, पहिली पायरी, चार मिनिटं, ओलं भंगार, रक्तदाबाचं सोंग. सांगताना ती त्याच्या हाताकडं बघत होती. 

सगळं ऐकून त्यानं एकच विचारलं.

"त्या दिशी तुमाला भ्या वाटलं हुतं?"

"व्हय."

"मला बी वाटत हुतं," इर्शाद म्हणाला. "तुमच्याकडं बघून गप बसलो. तुमी बोलला असता, तर मी पळालो असतो की, आक्का."

"व्हय," ती म्हणाली.

तो उठला नाही. डाव्या हातानं कप उचलून त्यानं चहा संपवला आणि पाळीचा भोंगा होईपर्यंत तिथंच बसून राहिला.